एका बाजूला सम्राट, दुसऱ्या बाजूला नगरदेवता

नाणे हातात आले की आपण त्यावरील आकडा पाहतो आणि ते खिशात टाकतो. त्यावरील चित्राकडे व अक्षरांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. परंतु नाणे हे केवळ देवघेवीचे साधन नसते. ते कोणी पाडले, कोणाच्या अधिकाराने पाडले आणि ते पाडणाऱ्यांना स्वतःविषयी जगाला काय सांगायचे होते, याचीही नोंद त्यावर असते. रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील नगरांनी पाडलेली कांस्य नाणी हे याचे उत्तम उदाहरण आहे. या नाण्यांच्या एका बाजूला बहुधा रोमच्या सम्राटाचा चेहरा दिसतो. दुसऱ्या बाजूला त्या नगराचे स्वतःचे मंदिर, मूर्ती, पवित्र पर्वत किंवा पूजेची शिळा असते. परक्या सत्तेखाली राहणाऱ्या माणसांनी त्या सत्तेचा मान राखला आणि आपली ओळखही पुसू दिली नाही. हे त्यांनी बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या तुकड्यावर कसे साधले, ते या पाठात पाहू.

नगराचे नाणे

इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत रोमचे साम्राज्य भूमध्य समुद्राच्या चारही बाजूंना पसरलेले होते. सोन्याची नाणी पाडण्याचा अधिकार सम्राटाकडेच असे आणि चांदीच्या नाण्यांवरही शासनाची नजर असे. रोजच्या बाजारहाटासाठी लागणारी लहान नाणी मात्र पूर्वेकडील प्रांतांत बहुतांशी नगरेच पाडत. ग्रीस, थ्रेस, आशिया मायनर म्हणजे आजचा तुर्कस्तान, सिरिया आणि पॅलेस्टाईन या प्रदेशांत अशी नाणी पाडणारी पाचशेहून अधिक नगरे होती. ही नाणी कांस्याची, म्हणजे प्रामुख्याने तांब्यात कथील मिसळून केलेल्या धातूची असत. त्यांवरील मुद्रालेख बहुधा ग्रीक भाषेत असे. रोमन वसाहतींच्या नाण्यांवर तो लॅटिन भाषेत असे. नाणेशास्त्राचे अभ्यासक या नाण्यांना 'प्रांतिक नाणी' म्हणतात.

नगरांना स्वतःचे नाणे का हवे होते? याचे उत्तर एका शिलालेखात मिळते. डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीवरील सेस्टोस या नगराचा हा लेख इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील आहे. आपल्या नगराची मुद्रा चलनात राहावी आणि नाणी पाडण्यातून होणारा नफा लोकांच्या पदरी पडावा, म्हणून आपण स्वतःचे कांस्य नाणे वापरण्याचे ठरवले, असा त्या लेखाचा आशय आहे. अभिमान आणि उत्पन्न ही दोन्ही कारणे तेथे मोकळेपणाने सांगितली आहेत. रोमन सम्राटांच्या काळातही ही दोन्ही कारणे कायम राहिली.

नाणे पाडण्याची रीत साधी होती. कारागीर दोन ठसे उलटे कोरत असे. एक ठसा ऐरणीत बसवलेला असे. त्यावर धातूची चकती ठेवून वरून दुसरा ठसा धरीत आणि हातोड्याचा घाव घालीत. एका घावात दोन्ही बाजू उमटत. कोनराड क्राफ्ट या जर्मन अभ्यासकाने १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आशिया मायनरच्या नाण्यांविषयी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. शेजारशेजारच्या अनेक नगरांनी सम्राटाच्या चेहऱ्यासाठी एकच ठसा वापरला होता. एकाच कार्यशाळेकडून अनेक नगरांचे काम होत असावे, असे अनुमान त्यावरून निघते. म्हणजे सम्राटाची बाजू पुष्कळदा सामाईक असे. मागील बाजूचा ठसा मात्र प्रत्येक नगर आपापला करून घेई. नगराचे खरे मन जाणून घ्यायचे असेल तर नाणे उलटून पाहिले पाहिजे.

ही नाणी मुख्यतः आपल्या परिसरातच चालत. चांदीच्या नाण्याचे सुटे करायचे झाल्यास सराफाकडे जावे लागे. आशिया मायनरमधील पर्गमॉन या नगरात दुसऱ्या शतकातील एक लेख सापडला आहे. सराफांच्या जाचाविषयी गेलेल्या तक्रारीला सम्राटाने दिलेले उत्तर त्यात कोरलेले आहे. तेथे चांदीचे देनारियस देताना सराफ अठरा लहान नाणी घेत आणि तेच देनारियस घेताना सतराच देत. मधले एक नाणे त्यांच्या गल्ल्यात राही. भारतात सापडलेली पहिल्या व दुसऱ्या शतकांतील रोमन नाणी प्रामुख्याने सोन्याची आणि चांदीची आहेत, ती याचमुळे. सोने-चांदी धातूच्या मोलावर दूरदेशी चाले; कांस्याचे नाणे मात्र आपल्या मुलखाबाहेर गेले की त्याचे मोल घटत असे.

देवळाचा मान, नगराचा मान

आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावर एफेसस हे मोठे बंदर होते. मराठी बायबलमध्ये त्याला 'इफिस' म्हटले आहे. तेथील आर्टेमिस देवीचे मंदिर प्राचीन जगातील सात आश्चर्यांपैकी एक मानले जाई. नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पहिल्या शतकातील एक प्रसंग वर्णिला आहे. देवीची चांदीची लहान देवळे घडवणाऱ्या कारागिरांना नव्या ख्रिस्ती शिकवणीमुळे आपला धंदा बुडेल अशी भीती वाटली आणि नगरात मोठा गोंधळ माजला. देवी, नगर आणि माणसांची भाकरी यांचा संबंध किती घट्ट होता, हे यावरून कळते.

त्याच प्रसंगात नगराचा अधिकारी एफेससला देवीची 'नेओकोरोस' म्हणतो. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ देवळाची झाडलोट व राखण करणारा असा आहे. आपल्याकडे गावच्या देवळात गुरव जी सेवा करतो, तिच्या जवळचे हे काम होय. पण येथे सेवेकरी म्हणजे कोणी एक माणूस नव्हता; संपूर्ण नगरच देवीचे सेवेकरी म्हणवून घेत होते. नीरो सम्राटाच्या कारकिर्दीत, इ.स. ६५-६६ च्या सुमारास पाडलेल्या एफेससच्या नाण्यावर हाच शब्द आढळतो.

पुढे या शब्दाला निराळे वजन आले. सम्राटांच्या पूजेसाठी प्रांताच्या वतीने मंदिर बांधण्याचा मान ज्या नगराला मिळे, ते स्वतःला 'नेओकोरोस' म्हणवू लागले. असा मान दोनदा मिळाला तर 'दुबार', तीनदा मिळाला तर 'तिबार' असा उल्लेख नाण्यावर अभिमानाने केला जाई. एफेसस, पर्गमॉन आणि स्मिर्ना या तीन नगरांत त्यावरून मोठी चुरस होती. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कॅराकल्ला सम्राटाच्या काळातील पर्गमॉनच्या नाण्यांवर तीन मंदिरे शेजारी शेजारी दाखवलेली आहेत. स्मिर्नाने आपली बिरुदे नीट लिहिली नाहीत, अशी तक्रार एफेससने दुसऱ्या शतकात थेट अँटोनायनस पायस या सम्राटापर्यंत नेली होती. ते अनवधानाने झाले असावे, असे सांगून सम्राटाने दोघांची समजूत घातली. समेटाचीही नाणी निघत. एफेससची आर्टेमिस आणि पर्गमॉनचा आरोग्यदेव आस्क्लेपिओस अशी दोन नगरांची दैवते एकाच नाण्यावर शेजारी उभी असत आणि भोवती 'एकमत' या अर्थाचा ग्रीक शब्द कोरलेला असे.

पर्गमॉनची काही मोठी नाणी विशेष बोलकी आहेत. इ.स. २१४ च्या सुमारास कॅराकल्ला आरोग्यलाभासाठी आस्क्लेपिओसच्या देवस्थानी आला होता. झाडाला विळखा घातलेल्या देवाच्या सर्पासमोर सम्राट हात उंचावून वंदन करीत आहे, असे दृश्य या नाण्यांवर आहे. जगाचा स्वामी तेथे आजारी भक्त म्हणून उभा आहे. आपल्या देवापुढे सम्राटही नमला, ही गोष्ट नगराने कांस्यात उमटवून ठेवली.

मूर्ती नव्हे, शिळा

सर्वच देवता मानवी रूपात नव्हत्या. महाराष्ट्रात शेंदूर लावलेल्या अनघड दगडाला 'तांदळा' म्हणतात आणि त्याचीच देव म्हणून पूजा होते. सायप्रस बेटावरील पाफोस येथे अॅफ्रोडाइटी देवीची पूजाही अशीच निमुळत्या शिळेच्या रूपात होत असे. तिचे रूप मानवी नसून खाली रुंद आणि वर निमुळते होत जाणारे आहे, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवले आहे. सायप्रसच्या नाण्यांवर मंदिराच्या मधोमध नेमकी अशीच शिळा उभी दिसते. कपाडोकिया प्रांतातील सीझरिया या नगराच्या नाण्यांवर तर आर्गेउस हा पर्वतच दैवत म्हणून येतो. आज कायसेरी शहराजवळ त्याला एर्जियस म्हणतात.

सिरियातील एमेसा म्हणजे आजचे होम्स. तेथे एलागाबाल या देवाची पूजा काळ्या शंकूसारख्या शिळेच्या रूपात होई. अँटोनायनस पायसच्या काळातील तेथील कांस्य नाण्यांवर या शिळेवर पंख पसरून बसलेला गरुड दिसतो. इ.स. २१८ मध्ये याच देवस्थानचा चौदा वर्षांचा पुजारी रोमचा सम्राट झाला. पुढे तो देवाच्याच नावाने, एलागाबालस म्हणून ओळखला गेला. त्याने ही शिळा रोमला नेली आणि तिच्यासाठी तेथे मंदिर बांधले. इ.स. २२२ मध्ये त्याची हत्या झाली आणि देवालाही रोममधून निरोप मिळाला. पुढे इ.स. २५३-२५४ मध्ये एमेसा येथे उरानियस अँटोनायनस नावाच्या एका सत्ताधीशाने नाणी पाडली. त्यांवर मंदिर आहे आणि मंदिरात पुन्हा तीच शिळा आहे. देव आपल्या गावी परतला होता, याची साक्ष ही नाणी देतात.

हरवलेल्या मूर्तींचा माग

या नाण्यांचे मोल आज आणखी एका कारणाने वाढले आहे. त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक मूर्ती आणि अनेक मंदिरे आता अस्तित्वात नाहीत. ऑलिंपिया येथील झ्यूस देवाची भव्य मूर्ती फिडियस या शिल्पकाराने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सोने आणि हस्तिदंत वापरून घडवली होती. ती नष्ट झाली. ऑलिंपिया ज्या एलिस राज्यात होते, तेथे हेड्रियन सम्राटाच्या काळात पाडलेली काही दुर्मिळ नाणी उरली आहेत. देवाचे मस्तक कसे होते आणि तो सिंहासनावर कसा बसला होता, हे त्यांवरून समजते.

क्नायडोस नगरातील अॅफ्रोडाइटीची मूर्ती प्राक्सिटिलीज या शिल्पकाराने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घडवली होती. मूळ मूर्ती गेली. पण तिच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अनेक संगमरवरी प्रतिकृती निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत. त्यांतील मूळ रूपाशी जुळणाऱ्या कोणत्या, हे ठरवण्यास क्नायडोसचे एक नाणे उपयोगी पडले. त्याच्या एका बाजूला कॅराकल्ला आणि त्याची पत्नी प्लॉटिला आहेत, दुसऱ्या बाजूला ती देवी. त्यांचा विवाह इ.स. २०२ मध्ये झाला आणि इ.स. २०५ मध्ये प्लॉटिलाला हद्दपार करण्यात आले. त्यामुळे नाण्याचा काळही अवघ्या तीन-चार वर्षांत निश्चित होतो.

नाणे किती खरे सांगते?

नाण्यावर दिसते ते सर्व जसेच्या तसे खरे मानावे काय? तसे करणे योग्य नाही. नाणे म्हणजे छायाचित्र नव्हे. एफेससच्या मंदिराच्या दर्शनी भागात काही नाण्यांवर आठ खांब आहेत, काहींवर सहा, तर काहींवर चारच. मंदिर तेच होते; खांब कमी झाले ते कारागिराच्या सोयीने. एवढ्याशा जागेत देवीची मूर्ती स्पष्ट दिसावी, म्हणून त्याने मधले खांब काढून टाकले. एरवी गाभाऱ्यात असणारी मूर्ती त्याने दारात आणून उभी केली. उलट, याच नाण्यांवर मंदिराच्या शिखराकडील त्रिकोणी भागात दारांसारखी मोकळी जागा दिसते. हा बारकावा अनेक नाण्यांवर पुन्हा पुन्हा येत असल्याने अभ्यासक तो विश्वसनीय मानतात. जॉन टर्टल वूड यांना १८६९ साली या मंदिराचा पाया सापडला. पण आज तेथे अवशेष जुळवून उभारलेला एकच खांब दिसतो. दर्शनी भागाच्या वरच्या रचनेची कल्पना करताना नाण्यांचाच आधार घ्यावा लागतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. नाणे फक्त नगरातील कारभाऱ्यांचे म्हणणे सांगते. पॅलेस्टाईनमधील नेआपोलिस, म्हणजे आजचे नाब्लुस, या नगराच्या अँटोनायनस पायसच्या काळातील नाण्यावर गेरिझिम पर्वत कोरलेला आहे. पायथ्यापासून वर चढत जाणाऱ्या पायऱ्या आणि शिखरावरील झ्यूसचे मंदिर त्यावर स्पष्ट दिसते. परंतु हाच पर्वत शोमरोनी लोकांना त्याच्या कितीतरी आधीपासून परमपवित्र होता आणि आजही आहे. त्यांच्या उपासनेविषयी ते नाणे काहीच सांगत नाही. जे नाण्यावर आहे ते वाचावे आणि जे नाही त्याचाही विचार करावा, हे इतिहास वाचताना विसरता कामा नये.

खरवडलेला चेहरा

सम्राटाची बाजूही कधी कधी धोक्याची ठरे. कॅराकल्ला आणि गेटा हे दोघे भाऊ इ.स. २११ मध्ये एकत्र राज्य करू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅराकल्लाने गेटाचा खून करवला आणि त्याचे नाव व चित्र जेथे असेल तेथून पुसून टाकण्याची आज्ञा झाली. स्ट्राटोनिकिया या नगराच्या मोठ्या नाण्यांवर दोघे भाऊ समोरासमोर कोरलेले होते. ही नाणी वितळवण्याऐवजी लोकांनी त्यांवरील गेटाचा चेहरा खरवडून काढला. अनेक नाण्यांवर नवा लहान ठसाही मारण्यात आला. आज त्या नाण्यांवर एक भाऊ समोरच्या रिकाम्या, ओरखडलेल्या जागेकडे पाहताना दिसतो. दुसऱ्या बाजूच्या देवतेला मात्र कोणी हात लावला नाही. सम्राट बदलले, पुसले गेले. नगराचे दैवत होते तसे राहिले.

परंपरेचा शेवट

तिसऱ्या शतकात साम्राज्यावर परचक्रे आली. चांदीच्या नाण्यांतील चांदी सतत घटत गेली आणि शेवटी ती नावापुरती उरली. अशा स्थितीत कांस्याची जड नाणी पाडणे नगरांना परवडेनासे झाले. इ.स. २६० नंतर एकामागून एक नगरांनी हे काम थांबवले. पर्गे हे नगर इ.स. २७५-२७६ पर्यंत तग धरून होते. पुढे इ.स. २९४ च्या सुमारास डायोक्लिशन सम्राटाने चलनाची नवी व्यवस्था लावली आणि साम्राज्यभर एकाच पद्धतीची नाणी सुरू झाली. मोठ्या कांस्य नाण्यांच्या मागील बाजूवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बहुधा रोमन जनतेचा रक्षकदेवच दिसू लागला आणि लेखही लॅटिन झाला. एफेससची आर्टेमिस, पाफोसची शिळा, सीझरियाचा पर्वत यांना नाण्यावर जागा उरली नाही. नाणे उलटून पाहिले तरी ते कोणत्या गावचे, हे आता चित्रावरून कळत नव्हते.

जुनी कांस्य नाणी आज झिजलेली, काळवंडलेली आढळतात. ती उकरून विकणाऱ्यांमुळे ती कोठे, कशाजवळ सापडली ही माहिती कायमची नष्ट होते आणि नाण्याची अर्धी साक्ष बुडते. योग्य रीतीने नोंदलेले एखादे नाणे मात्र एका हरवलेल्या मंदिराची, पुसलेल्या राजपुत्राची किंवा घरी परतलेल्या देवाची हकिकत सांगू शकते. लहान नगरांचे इतिहासग्रंथ सहसा लिहिले गेले नाहीत. त्यांनी आपला इतिहास नाण्यांच्या मागील बाजूवर लिहून ठेवला.

आपण काय शिकलो?

• रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील नगरे अभिमान आणि उत्पन्न या दोन कारणांसाठी स्वतःची कांस्य नाणी पाडत.
• सम्राटाची बाजू अनेक नगरांत सामाईक असे. मागील बाजूवर नगर स्वतःची ओळख कोरत असे.
• नष्ट झालेल्या मूर्ती व मंदिरे यांची माहिती नाण्यांवरून मिळते. परंतु ती पारखून घ्यावी लागते.
• नाण्यावर जे कोरलेले नाही, तेही इतिहासाचा भाग असते.

विचार करा

१. पर्गमॉनच्या नाण्यावर सम्राटाला देवासमोर वंदन करताना दाखवण्यामागे नगराचा कोणता हेतू असावा?
२. आपल्या गावाला किंवा वस्तीला स्वतःचे नाणे पाडता आले, तर त्याच्या मागील बाजूवर काय कोरावे असे आपल्याला वाटते? त्या चित्रात कोणाची आठवण सुटून जाईल? आठ ते दहा ओळींत लिहा.